वेग कापायचाच असेल तर सांगून कापा

प्रति,
इंटरनेट पुरवठादार कंपन्यांचे व्यवस्थापक आणि त्यांचे नेटवर्क सांभाळणारे अभियंते यांस

सप्रेम नमस्कार.

मी गेली बरीच वर्षे टोरेंट वापरतो, म्हणजे एकाच सर्व्हरवरून न घेता लोकांनी एकमेकांच्या संगणकांतून फाइलींचे तुकडे देण्या-घेण्याची पद्धत. चोरीचे सिनेमे उतरवायला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण टोरेंटचे नाव काढले की समोरच्याच्या मनात पहिली शंका तीच येते. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या तीन-चार आयएसओ फाइली (ती संगणकावर बसवायच्या फाइली) आणि इंटरनेट अर्काइव्हवरच्या हक्कमुक्त ध्वनिमुद्रणांचे काही संच कायम सीडिंगला, म्हणजे इतरांना वाटायला, लावलेले असतात. कुणाला तरी ते हवे असतात, माझ्याकडे ते आहेत आणि माझी लाइन बराच वेळ रिकामी असते. इतका साधा व्यवहार आहे. त्यात तुम्ही गुपचूप हात घालता, म्हणून हे पत्र.

झाले असे, की रोज संध्याकाळी साधारण ठरावीक वेळेला टोरेंटच्या वेगाचा आलेख कोसळायला लागला. हळूहळू उतरायचा नाही, कड्यावरून दगड पडावा तसा पडायचा. मेगाबाइटमध्ये चाललेला आकडा मिनिटाभरात किलोबाइटवर यायचा आणि मध्यरात्र उलटली की आपोआप पूर्ववत व्हायचा. आधी वाटले, गर्दीची वेळ आहे, लाइनच तुंबली असेल. म्हणून त्याच वेळी तीच आयएसओ फाइल ब्राउझरमधून थेट सर्व्हरवरून उतरवून पाहिली. भरधाव आली. मग क्लायंटच्या, म्हणजे टोरेंट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करणे) ‘चालेल’ वरून ‘सक्तीचे’ केले आणि टोरेंट पुन्हा सुरू केले. आलेख वर आला. सक्ती काढली, खाली गेला. चार संध्याकाळ मी हेच करत बसलो होतो, वेळ आणि आकडे वहीत लिहून ठेवत. चौथ्या दिवशी शंकेला जागा उरली नाही.

ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “सर, आमच्याकडून कुठल्याही सेवेचा वेग कमी केला जात नाही. एकदा राउटर बंद करून चालू करून बघता का?” मी आकडे सांगितले, वेळा सांगितल्या, एन्क्रिप्शनचे सांगितले. त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटले. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या पडद्यावर जे लिहिलेले होते ते त्याने वाचून दाखवले. तो पडदा ज्यांनी लिहिला, त्यांच्याशी मला बोलायचे आहे.

तुम्ही टोरेंट कसे ओळखता हे काही गुपित नाही. दोन क्लायंट एकमेकांशी बोलायला लागतात तेव्हा पहिला निरोप ठरलेला असतो. सुरुवातीला १९ हा आकडा, त्यामागोमाग रोमन लिपीत ‘बिटटोरेंट प्रोटोकॉल’ हे दोन शब्द, मधली मोकळी जागा धरून बरोबर १९ अक्षरे. मग ८ बाइट राखीव, २० बाइटांचा त्या फाइलसंचाचा ठसा, म्हणजे इन्फो-हॅश, आणि २० बाइटांची क्लायंटची ओळख. एकूण ६८ बाइट, सगळे उघड्यावर. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरेंट बाहेर आणले ते मोठ्या फाइली चटकन वाटता याव्यात म्हणून. लपणे हा त्याचा हेतूच नव्हता. तुमच्याकडचे डीप पॅकेट इन्स्पेक्शनचे, म्हणजे माहितीची पाकिटे (पॅकेट) उघडून वाचणारे, यंत्र नेमका हा निरोप हेरते.

पण त्या यंत्राला त्यासाठी कुठपर्यंत वाचावे लागते ते पाहा. पॅकेट पुढे पोचवायला त्यावरचा पत्ता पुरतो. तुमचे यंत्र पत्ता ओलांडून आतल्या मजकुरात शिरते, आणि तिथे ‘हे टोरेंट आहे’ एवढेच त्याला कळते असे नाही. त्या २० बाइटांच्या ठशावरून नेमका कोणता फाइलसंच चालला आहे हेही कळू शकते. माझ्या बाबतीत तो लिनक्सचा असेल. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तो सत्तेवरच्या लोकांना नकोशा झालेल्या कागदपत्रांचा असेल. गर्दी आवरायला यातले काहीही जाणून घ्यावे लागत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेत हा प्रकार चव्हाट्यावर आला, तो एका ग्राहकाने चिकाटीने केलेल्या तपासामुळे. रॉब टोपोल्स्की हे नेटवर्कमधले जाणकार जुन्या, हक्क संपलेल्या बार्बरशॉप गायनाची ध्वनिमुद्रणे टोरेंटवर ठेवत होते आणि ती कुणाला पोचत नव्हती. त्यांनी पॅकेट तपासली. जोडणी तोडण्याचा संदेश देणारी पॅकेट येत होती, आणि ती पलीकडच्या संगणकाने पाठवलेलीच नव्हती. कॉमकास्ट कंपनीच्या नेटवर्कमधले यंत्र ती बनवून दोन्हीकडे धाडत होते. म्हणजे दोघे फोनवर बोलत असताना तिसऱ्याने मध्येच एकाचा आवाज काढून ‘ठेवतो’ म्हणावे, तसे. त्याच ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेसने किंग जेम्स बायबलची फाइल टोरेंटवरून पाठवून पाहिली, तीही अडली. ऑगस्ट २००८ मध्ये एफसीसी या तिथल्या आयोगाने हे थांबवा असा आदेश काढला. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नसल्याचे सांगून तो रद्द केला.

तुमच्यातले काही जण या निकालावरच बोट ठेवतात. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, २००८ च्या अखेरीला, त्याच कंपनीने प्रोटोकॉलकडे, म्हणजे वाहतूक कोणत्या प्रकारची आहे त्याकडे, न पाहणारी नवी पद्धत बसवली होती आणि डिसेंबर २०१० मध्ये ती आरएफसी ६०५७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात जाहीरपणे लिहून ठेवली. त्या पद्धतीत आधी एका भागातली वाट खरोखर भरत आली आहे का ते मोजतात. भरत आली असेल, तर गेल्या काही मिनिटांत आपल्या वाट्यातला फार मोठा भाग सतत वापरणाऱ्या ग्राहकांची पॅकेट थोडा वेळ रांगेत मागे घेतात. तो ग्राहक टोरेंट चालवतो, बॅकअप चढवतो की व्हिडिओ पाठवतो, हे कुणी विचारत नाही. वाट मोकळी असेल तर कुणालाच मागे घ्यायचे कारण नाही. ज्या कंपनीचे नाव या भानगडीशी कायमचे जोडले गेले, तिलाच डोकावल्याशिवाय गर्दी आवरता आली. मग तुम्हाला का येऊ नये?

तुमची अडचण मला कळते. केबलच्या जाळ्यात एका भागातली अनेक घरे अपलोडची एकच अरुंद वाट वाटून घेतात. जाळे आखताना लोक घेतील जास्त आणि पाठवतील कमी, असे धरले गेले होते. टोरेंटमध्ये घेणारा प्रत्येक जण पाठवणाराही असतो, तोही तासन्‌तास, त्यामुळे तो हिशेब चुकला. एका घरातले अपलोड तुंबले की शेजारच्या घरातला व्हिडिओ कॉल अडखळतो आणि तक्रार तुमच्याकडे येते. ही तक्रार खरी आहे.

पण ती सोडवायला टोरेंट लिहिणाऱ्यांनी स्वतः हात लावला, आणि तुमच्या बैठकांमध्ये याची दखल घेतली जाते असे मला आजवर जाणवलेले नाही. आजचे बहुतेक क्लायंट यूटीपी नावाची पद्धत वापरतात. पॅकेट पोचायला नेहमीपेक्षा किती उशीर होतो आहे यावर तिचे सतत लक्ष असते, आणि रांग वाढते आहे असे दिसले की बाकीचे कोणी कुरकुरण्याआधी ती स्वतःचा वेग उतरवते. तिच्यामागचे गणित, लेडबॅट, आरएफसी ६८१७ म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे उशिराची वरची मर्यादा १०० मिलिसेकंद ठेवली आहे. म्हणजे टोरेंट मुद्दाम मागे सरकायला शिकले. तुम्ही मात्र त्याला ओळखून आणखी मागे ढकलता. रांगांचेही तसेच. राउटरमधल्या अवाजवी लांब रांगांमुळे होणारा खोळंबा कमी करणारी एफक्यू-कोडेल पद्धत जानेवारी २०१८ पासून आरएफसी ८२९० मध्ये सगळ्यांसाठी खुली आहे. एका घरातले टोरेंट आणि त्याच घरातला कॉल यांना ती वेगवेगळ्या रांगांत बसवते, आतला मजकूर न वाचता. सप्टेंबर २०१४ मधली आरएफसी ७२८५, म्हणजे आल्टो, तर तुम्हालाच बोलायला देते: कोणते पीअर, म्हणजे फाइल देणारे-घेणारे संगणक, नेटवर्कच्या दृष्टीने जवळचे आहेत हे तुम्ही क्लायंटला सांगू शकता, म्हणजे महागड्या बाहेरच्या वाटेवरून जाणारी ये-जा तुमच्याच जाळ्यात वळते. फाइल कोणती, हे त्यातही कुणी विचारत नाही.

आता माझ्या मुख्य गाऱ्हाण्याकडे येतो. वेग कमी मिळाला तर मी थांबेन. रात्री उतरवेन. पण चोरून वेग कापल्यामुळे तुमचे ग्राहक आपल्या खाजगीपणाबद्दल काय समजू लागले आहेत, ते तुम्ही कधी पाहिले आहे का?

लोक वेग परत मिळवायला धडपडतात. कुणीतरी सांगते, एन्क्रिप्शन चालू कर. ते चालू करतात, वेग परत येतो आणि त्यांना वाटते, आता आपण सुरक्षित झालो, आता आपल्याला कोणी पाहत नाही. हा समज साफ चुकीचा आहे. क्लायंटमधले हे एन्क्रिप्शन २००५-०६ च्या सुमारास आले ते तुमच्या यंत्रांना चकवण्यासाठी. त्यातली किल्ल्यांची देवाणघेवाण ७६८ बिटांची आणि सांकेतिक पद्धत आरसी४. आजच्या मापाने दोन्ही दुबळ्या. शिवाय पलीकडचा पीअर कोण आहे हे ते तपासतच नाही. ज्याच्याकडे त्या फाइलसंचाचा ठसा आहे तो कोणीही स्वार्ममध्ये, म्हणजे ती फाइल वाटणाऱ्या पीअरच्या जमावात, येऊन बसू शकतो, आणि त्याच्याशी ग्राहक अगदी नीट एन्क्रिप्शन करून बोलतो! त्याला ग्राहकाचा आयपी पत्ता दिसतो, फाइल कोणती ते दिसते, किती झाली तेही दिसते. टोरेंट चालते तेच तसे: पीअरला पत्ता कळल्याशिवाय तुकडे पोचणार कसे?

ही पत्त्यांची उघडी वही किती मोठी आहे, हे २०१० मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले. त्यांनी एकच संगणक लावून १०३ दिवसांत १४ कोटी ८० लाख आयपी पत्ते गोळा केले. कुठे घुसखोरी करावी लागली नाही, कुठले कुलूप फोडावे लागले नाही. ट्रॅकरला, म्हणजे फाइल कोणत्या पीअरकडे आहे याची यादी देणाऱ्या सर्व्हरला, विचारत राहिले, एवढेच.

म्हणजे माणसाला दोन वेगळ्या दिशांकडून पाहिले जाते. एक दिशा तुमची, दुसरी स्वार्ममधल्या अनोळखी पीअरची. क्लायंटमधले एन्क्रिप्शन पहिल्या दिशेला पातळसा पडदा लावते, दुसरीला काहीच नाही. तुमच्या लगामामुळे सगळ्यांचे लक्ष पहिल्या दिशेला खिळले, लोक तिथे कुलूप लावून निश्चिंत झाले आणि मागचे दार सताड उघडे राहिले. वेग न कापता तुम्ही नुसते सरळ वागला असतात, तरी लोकांना खाजगीपणाचा विचार वेगापासून वेगळा करून करता आला असता.

त्यातून पुढची पायरी येते ती व्हीपीएनची, म्हणजे सगळी ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेची. मी स्वतः तो वापरतो आणि गरज असेल त्याने वापरावा असेच सांगेन, कारण दोन्ही दिशा झाकणारा रोजच्या वापरातला तोच उपाय आहे: तुम्हाला फक्त एक बंद बोगदा दिसतो आणि पीअरला व्हीपीएनचा पत्ता. पण तोही अर्धवट लावला तर फसवतो. जोडणी एक क्षण तुटली की क्लायंट मुकाट्याने साध्या लाइनवर येतो आणि खरा पत्ता स्वार्ममध्ये जातो. म्हणून क्लायंटच्या प्रगत सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस म्हणून व्हीपीएनचाच बांधून टाकावा लागतो. मग बोगदा पडला की टोरेंटही थांबते. व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) नेत असेल तर आयपीव्ही६ च्या (नव्या पद्धतीच्या) वाटेने पत्ता गळतो, तेही पाहावे लागते. हे सगळे करून झाल्यावर उरते काय? जो विश्वास ग्राहकाने तुमच्यावर ठेवायचा, तो आता व्हीपीएनवाल्यावर. तो नोंदी ठेवतो की नाही, हे त्याच्या शब्दावरच मानायचे. फुकटच्या व्हीपीएनकडे वळणारे तर काय देऊन बसतात, देव जाणे. काही जण टॉरकडे, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या जाळ्याकडे, जातात. ते तर करूच नये: टॉर प्रकल्पाने २०१० मध्येच समजावून सांगितले आहे, की काही टोरेंट क्लायंट प्रॉक्सीची (मधल्या सर्व्हरची) सेटिंग नीट पाळत नाहीत आणि ट्रॅकरला पाठवलेल्या मजकुरातच खरा पत्ता लिहून टाकतात, शिवाय स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या जाळ्यावर नाहक भार पडतो.

लिनक्सची एक फाइल वाटायला साध्या माणसाने एवढा खटाटोप करायचा, आणि का? तर पैसे घेऊन वाहतूक करणारा त्याच्या पाकिटात डोकावतो म्हणून.

आणखी एक गोष्ट, नोटिसांची. हक्कधारकांच्या वतीने स्वार्मवर पाळत ठेवणाऱ्यांकडून तुमच्याकडे आयपी पत्त्यांच्या याद्या येतात. तुम्ही त्या ग्राहकाकडे धाडता आणि काही जण तेवढ्यावर जोडणीही तोडता. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एकही फाइल न उतरवता आणि न वाटता आपल्या विद्यापीठातल्या यंत्रांच्या नावे अशा नोटिसा ओढवून घेतल्या. त्यातली काही यंत्रे प्रिंटर होती, एक वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट होता. काही ट्रॅकर सांगाल तो आयपी पत्ता मान्य करत आणि पाळत ठेवणारे त्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवत, एवढीच ती युक्ती. त्यात भर म्हणजे सीजीनॅटमुळे आज तुमचे कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ नसेल, तर अशा यादीतला पत्ता म्हणजे अख्ख्या वाड्याचा पत्ता. आतल्या कुठल्या खोलीचा, ते त्यावरून कळत नाही. नुसत्या पत्त्यावर कुणाला दोषी धरू नका. ज्याने खरोखर हक्कभंग केला, त्याच्यासाठी न्यायालये आहेत आणि त्यांची पद्धत आहे.

हे सगळे जमणारे आहे, याला कायद्याचाही आधार आहे. युरोपीय संघाचा २०१५/२१२० हा नियम ३० एप्रिल २०१६ पासून लागू झाला. त्यात पुरवठादाराला गर्दी आवरायची मुभा आहे, पण उपाय पारदर्शक, भेदभाव न करणारे आणि प्रमाणात असले पाहिजेत, विशिष्ट मजकुरावर पाळत ठेवणारे नसले पाहिजेत आणि गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहता कामा नयेत. मला यापेक्षा वेगळे काही नको आहे. जिथे असा नियम नाही तिथल्या पुरवठादारांनी तो आपणहून पाळावा. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तेव्हा विनंती अशी. वेग कापत असाल तर तसे कराराच्या कागदावर लिहा: कोणत्या वेळी, वाट किती भरल्यावर, किती काळ, कोणत्या मोजमापावरून. ग्राहकाच्या खात्यात त्याची नोंद दिसू द्या, म्हणजे फोनवरच्या त्या मुलाला खोटे बोलावे लागणार नाही. मजकूर वाचून प्रोटोकॉल ओळखणारी यंत्रे या कामातून काढा. आधीच्या ओळखींच्या नोंदी साठवल्या असतील तर त्या किती दिवस ठेवता आणि कुणाला देता ते जाहीर करा, आणि कामाच्या नसलेल्या पुसून टाका. अपलोडची वाट अपुरी पडत असेल तर तसे सांगा. ग्राहक तेवढा समंजस असतो. मी माझ्या क्लायंटमध्ये गर्दीच्या वेळेसाठी अपलोडची मर्यादा आताच घालून ठेवली आहे, कुणी सांगितले नसताना.

त्या चार संध्याकाळच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. वेळ, वेग, पीअरची संख्या, एन्क्रिप्शन चालू की बंद. तुमच्यापैकी ज्या अभियंत्याला त्या आपल्या नोंदींशी ताडून पाहायच्या असतील, त्याला मी त्या आनंदाने देईन. आलेख पडतो त्या मिनिटाला तुमच्या बाजूला नेमके काय चालू होते, तेवढे मला दाखवा.

कळावे,
आपला एक ग्राहक